ओंडक्याची बैठक आणि पात्याची धार

झाड तोडले की त्याचे ओंडके होतात. ओंडका म्हणजे तुम्ही घरी बोलता तो लट्ठा. पण ओंडक्याचे दार होत नाही, खाटही होत नाही. त्याच्या फळ्या पाडाव्या लागतात. पूर्वी हे काम दोन माणसे एका लांब करवतीने करत. ओंडका उंच मांडवावर चढवला जाई किंवा खड्ड्यावर आडवा ठेवला जाई. एक माणूस ओंडक्यावर उभा राही, दुसरा खाली. वरचा करवत वर ओढी, खालचा ती खाली खेची. खालच्या माणसाच्या डोक्यावर, डोळ्यांवर दिवसभर भुसा पडत असे.

येथे एक शब्द सांभाळून वापरा. उर्दूत आरी म्हणजे लहान करवत. मराठीत आरी म्हणजे चांभाराचे टोचण्याचे हत्यार. मराठी सुताराकडे तुम्ही आरी मागितलीत तर तो तुम्हांला चांभाराकडे पाठवील. रंदा आणि बरमा हे शब्द मात्र दोन्ही भाषांत सारखेच आहेत.

दोन माणसांच्या करवतीची जागा पुढे आरागिरणीने घेतली. ओंडके गाडीत घालून गिरणीवर न्यायचे आणि फळ्या घेऊन परत यायचे, अशी पद्धत पडली. पण जेथे जंगल मोठे आणि गिरणी दूर, तेथे ओंडका वाहून नेणे हेच मोठे काम होऊन बसते. अमेरिका, कॅनडा, स्वीडन या देशांतील शेतकऱ्यांची ही अडचण होती. वादळात एखादे मोठे झाड पडले तर ते तसेच कुजत राही. तेव्हा ओंडक्याकडेच गिरणी नेता येईल का, असा विचार झाला. सन १९८२ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात वुड-मायझर नावाची कंपनी सुरू झाली. मोटारीमागे जोडून कोठेही नेता येणारी, पातळ पात्याची आरागिरणी ही तिची ओळख ठरली. आज अशी यंत्रे अनेक कंपन्या तयार करतात. आपल्याकडे मात्र असे यंत्र विकत आणून कोणालाही मनास येईल तेथे ओंडके कापता येत नाहीत. आरागिरणीला वनखात्याचा परवाना लागतो. परवाना नसलेल्या आरागिरण्या बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता.

या यंत्राची रचना समजायला सोपी आहे. जमिनीवर लोखंडाची लांब चौकट असते. चौकटीवर ठरावीक अंतरांवर आडवे टेकू बसवलेले असतात आणि त्यांवर ओंडका निजतो. ओंडका घरंगळू नये म्हणून एका बाजूला उभे खुंट असतात. दुसऱ्या बाजूने शिकंजा त्याला खुंटांवर दाबून धरतो. चौकटीच्या दोन्ही कडांवरून एक गाडा मागेपुढे सरकतो. गाड्यावर इंजिन असते आणि दोन मोठी चाके असतात. या दोन चाकांभोवती पाते पट्ट्यासारखे फिरते. शिवणयंत्राचा पट्टा पाहिला असेल, तसेच. फक्त हे पोलादाचे असते आणि त्याच्या एका कडेला दात असतात.

पोलादी पट्टीची दोन टोके जोडून अखंड पाते बनवणे ही एकेकाळी फार अवघड गोष्ट होती. सांधा लवकर तुटे. सन १८४६ मध्ये ॲन पोलिन क्रेपिन या फ्रेंच स्त्रीने तो पक्का जोडण्याची रीत काढली आणि तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. यंत्रांच्या इतिहासात स्त्रियांची नावे कमी आढळतात. हे नाव मुलींनी वहीत लिहून ठेवावे.

पाते पातळ असण्याचा लाभ गणिताने कळतो. जुन्या गोल करवतीच्या प्रत्येक कापात सुमारे ६ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. या पातळ पात्याच्या कापात सुमारे २ मिलिमीटरच वाया जाते. एका ओंडक्यात दहा काप घेतले तर पहिल्या यंत्रात ६० मिलिमीटर लाकूड भुशात जाईल, दुसऱ्यात २०. म्हणजे ४० मिलिमीटर लाकूड वाचले. त्यात एक इंच जाडीची आणखी एक फळी निघते आणि वर थोडे उरते.

पण पातळ वस्तू नाजूकही असते. या पात्याची जाडी सुमारे एक मिलिमीटर आणि रुंदी सव्वा इंच असते. लांबी चार मीटर धरू. दोन दातांमधील अंतर साधारण २२ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण पात्यावर सुमारे १८० दात झाले. पाते सेकंदाला जवळजवळ २५ मीटर वेगाने धावते. चार मीटरचे पाते सेकंदाला २५ मीटर धावले, तर त्याचा प्रत्येक दात एका सेकंदात सहा वेळा ओंडक्यातून जातो.

आता समजा, खाली उतरलेले पाते लोखंडाच्या टेकूला किंवा उभ्या खुंटाला लागले. कर्कश आवाज होतो, ठिणग्या उडतात. चालक दचकतो आणि इंजिन थांबवायला हात पुढे करतो. यात एक सेकंद तरी जातोच. तेवढ्यात १८० दातांपैकी प्रत्येक दात सहा वेळा लोखंडावर आपटलेला असतो. एकही दात धारदार राहत नाही. काही दात तुटतात, काही वाकतात. कधी संपूर्ण पातेच तुटते. तेव्हा ओंडका कशावर निजला आहे आणि लोखंड पात्यापासून किती दूर आहे, हा प्रश्न या कामात सर्वांत आधी येतो. लहान, स्वस्त यंत्रे घेणारे लोक पहिली सुधारणा टेकूंमध्येच करतात, ती यासाठी.

कारखान्यातून आलेल्या लहान यंत्राचे टेकू बहुधा साध्या लोखंडाचे, रंग दिलेले असतात. शेकडो किलोंचे ओंडके त्यांवरून लोळतात. काही दिवसांतच रंग खरवडला जातो आणि टेकू गंजतात. मग दोन अडचणी उभ्या राहतात. एक म्हणजे गंजलेल्या खरखरीत टेकूवर ओंडका सहज सरकत नाही. त्याला वळवताना पहारीने जोर लावावा लागतो. दुसरी अडचण डागांची. ओलसर लाकूड लोखंडावर थोडा वेळ राहिले की त्यावर निळसर-काळा पट्टा उमटतो. ओक या झाडाच्या लाकडावर, ज्याला उर्दूत बलूत म्हणतात, हे डाग फार लवकर पडतात. आपल्याकडच्या बाभळीवर आणि ऐनावरही ते पडतात. या लाकडांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. टॅनिन आणि लोखंड यांचा पाण्यात संयोग झाला की काळा रंग तयार होतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करत. हिरड्यात टॅनिन असते आणि हिराकशीत लोखंड. फळीवर पडलेला डाग ही तीच शाई आहे, पण नको त्या जागी सांडलेली.

यावर एक उपाय म्हणजे प्रत्येक टेकूवर स्टेनलेस स्टीलच्या जाड पत्र्याची टोपी बसवणे. स्टेनलेस स्टील सहज गंजत नाही, म्हणून डाग पडत नाहीत. आणि त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे ओंडका थोड्या जोराने सरकतो. वुड-मायझरच्या मोठ्या यंत्रांवर अशा टोप्या असतात. ज्यांच्या यंत्रावर त्या नाहीत ते लोक त्या करवून घेतात.

पण पात्याच्या दृष्टीने स्टेनलेस स्टील हेही लोखंडाइतकेच कठीण. पाते त्याला लागले तर दात जाणारच. म्हणून काही जण दुसरा उपाय करतात. टेकूवर सुमारे २० मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी बसवतात. चुकून पाते खाली आले तर ते आधी या पट्टीत शिरते. लाकूड कापले जाते, पाते वाचते. पट्टी खराब झाली की काढून दुसरी लावायची. लाकूड तर तेथे हाताशीच असते.

ही पट्टी कशी बसवावी, यातच शहाणपण आहे. वरून खिळे ठोकून ती बसवली तर ज्या लोखंडापासून पाते वाचवायचे तेच लोखंड आपण त्याच्या वाटेत ठेवले, असे होईल. म्हणून पट्टी खालच्या बाजूने किंवा कडेने बोल्ट लावून पक्की करतात. बोल्टचे डोके पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागात येऊ देत नाहीत. लाकडी मेखा वापरल्या तर त्याहून बरे.

लाकडी पट्टीचे दोषही सांगितले पाहिजेत. ती पाणी पिते आणि फुगते. ओंडके पडून तिला खड्डे पडतात. एक पट्टी झिजली आणि शेजारची झिजली नाही, तर टेकू एका पातळीत राहत नाहीत. माझे मत असे की, नवशिक्याने लाकडी पट्टी वापरावी, कारण त्याच्या हातून पाते खाली जाण्याचा संभव जास्त. ज्याचा हात बसला आहे आणि जो रोज यंत्र चालवतो, त्याला स्टीलच्या टोप्या परवडतात.

टेकू एका पातळीत असणे म्हणजे काय आणि ते कसे पाहावे? गवंडी दोरी लावून विटांचा थर सरळ ठेवतो, हे तुम्ही पाहिले आहे. येथेही दोरीच लागते. एकाच जाडीचे तीन ठोकळे घ्या. दोन टोकांचे टेकू आधी पाणसळीने नीट करा. त्या दोहोंवर एकेक ठोकळा ठेवून वरून दोरी ताणून बांधा. तिसरा ठोकळा मधल्या प्रत्येक टेकूवर ठेवून दोरीखालून सरकवा. ठोकळा दोरीला वर ढकलू लागला तर तो टेकू उंच आहे. ठोकळा आणि दोरी यांच्यात फट राहिली तर टेकू खाली आहे. खाली असलेल्या टेकूखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालून तो उचलतात. चौकटीच्या दोन्ही कडांना अशी दोरी लावावी लागते. शेवटी इंजिन बंद ठेवून पाते खाली आणतात आणि प्रत्येक टेकूपासून पात्यापर्यंतचे अंतर दोन्ही टोकांना मोजतात. ती सर्व मापे सारखी आली की काम झाले.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. मधला टेकू दोनच मिलिमीटर खाली आहे असे समजा. ओंडका जाड आहे तोपर्यंत काही कळत नाही, कारण तो वाकत नाही. पण फळ्या निघत निघत खाली पातळ भाग उरला की तो स्वतःच्या वजनाने मधोमध खाली झुकतो. पाते तर सरळच जाते. मग शेवटची फळी मध्ये जाड आणि टोकांना बारीक निघते. सुतार ती हातात घेतो, एक डोळा मिटून पाहतो आणि बाजूला ठेवतो.

टेकूंवर चिमूटभर भुसा साचला तरी हाच घोटाळा होतो. म्हणून ओंडका वळवण्यापूर्वी ब्रशने टेकू झाडतात. काही कारागीर टेकू उलट्या व्हीच्या आकाराचे करतात. अशा निमुळत्या टेकूवर भुसा थांबत नाही. आखूड ओंडके कापणारे लोक दोन टेकूंच्या मध्ये आणखी एक टेकू वाढवतात. तो नसेल तर आखूड ओंडक्याचे एक टोक अधांतरी राहते.

टेकूंची उंची बदलली की आणखी एक गोष्ट बदलते आणि ती पुष्कळ लोक विसरतात. गाड्यावर मोजपट्टी असते. टेकूपासून पाते किती उंच आहे, ते ती दाखवते. आपण २० मिलिमीटरची लाकडी पट्टी बसवली, पण मोजपट्टीचा काटा तसाच ठेवला, तर मोजपट्टीवर ४५ दिसत असताना पट्टीपासून पाते २५ मिलिमीटर उंच असेल. काटा तेवढाच सरकवावा लागतो. स्टीलची टोपी दोन मिलिमीटर जाड असली तरी काटा दोन मिलिमीटर हलवायचाच.

उभे खुंट आणि शिकंजा हे पात्याचे त्याहूनही मोठे शत्रू. टेकू सर्वांत खाली असतात. तेथपर्यंत पाते शेवटी पोहोचते. खुंट मात्र ओंडक्याच्या बाजूला वर आलेले असतात. ओंडका मोठा असताना ते त्याच्या आड असतात. चार-पाच फळ्या निघाल्यावर ओंडका बुटका होतो, पण खुंट तेवढेच उंच राहतात. चालकाचे लक्ष फळीकडे असते. म्हणून चांगल्या यंत्रात खुंट खाली उतरवता येतात. ज्यांत ती सोय नसते त्यांत लोक खुंटांची टोके कापून त्या जागी कठीण लाकडाची टोके बसवतात. काही जण टोकांना लाल रंग देतात. पण सर्वांत खात्रीचा उपाय बिनखर्चाचा आहे. प्रत्येक कापापूर्वी पाते थांबलेले असताना खाली वाकून ओंडक्याच्या पूर्ण लांबीवर नजर टाकायची आणि मगच इंजिनाला वेग द्यायचा.

पाते लोखंडाला लागलेच, तर गाडा घाईने मागे ओढू नये. फिरते पाते कापात अडकलेले असताना गाडा मागे घेतला तर ते चाकांवरून निसटते. आधी इंजिन थांबवावे. पाते पूर्ण थांबू द्यावे. मग कापात पाचर मारून फट रुंद करावी आणि हळूहळू पाते बाहेर काढावे.

यंत्राचे लोखंड दिसते तरी. ओंडक्याच्या पोटातले लोखंड दिसत नाही. कुंपणाची तार झाडाला गुंडाळली की काही वर्षांत झाड तिला गिळून टाकते. आपल्या शहरांत रस्त्याकडेच्या झाडांना पाट्या ठोकतात. पाटी गळून पडते, खिळा आत राहतो आणि त्यावर साल येते. म्हणूनच गावातला किंवा अंगणातला ओंडका कापायला घेताना चालक नाखूश असतो. हातात धरायचे धातुशोधक यंत्र अशा वेळी उपयोगी पडते. ते नसेल तर ओंडक्याचे कापलेले टोक नीट पाहावे. तेथे निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असे समजावे. हिरड्याच्या शाईची ती हकिकत येथे पुन्हा उपयोगी पडली.

माती आणि वाळूही धार घालवतात. वाळूत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी पोलादावर ओरखडा काढते. ओंडका जमिनीवरून फरफटत आणला की सालीच्या भेगांत वाळू भरते. तेव्हा ओंडके लाकडी ठोकळ्यांवर रचावेत, कापण्यापूर्वी ते धुवावेत किंवा त्यांची साल काढावी. ओंडक्याची एकच बाजू मळलेली असेल, तर ज्या बाजूने पाते बाहेर पडते त्या बाजूला ती ठेवावी. मग माती बाहेर उडते. तीच बाजू पाते आत शिरते तेथे ठेवली, तर वाळू संपूर्ण कापातून ओढली जाते.

पात्याला थंड ठेवण्यासाठी त्यावर पाणी ठिबकत ठेवतात. पाण्यात थोडा साबण घातला तर चीक चिकटत नाही. पाते दोन चाकांवरून फिरताना प्रत्येक फेरीत दोनदा वाकते आणि सरळ होते. सेकंदाला सहा फेऱ्या, म्हणजे तासाला चाळीस हजारांहून जास्त वेळा. एवढ्या वेळा वाकून पोलादही थकते. म्हणून धार पुरती जाण्याची वाट न पाहता तासा-दोन तासांनी पाते बदलतात आणि काम संपले की चाकांवरचा ताण सैल करतात. बोथट पाते जोराने ढकलले की ते लाकडात वरखाली भरकटते आणि नंतर तुटते.

हाताची काळजी पात्याच्या काळजीबरोबरच येते. पाते बदलताना चामडी हातमोजे आणि चश्मा लागतोच. ठेवणीतले पाते तीन वेटोळी करून बांधलेले असते. बंध सोडताच ते स्प्रिंगसारखे उसळून उघडते. जवळ उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा त्याच्या दातांच्या उंचीवर येतो, म्हणून तेथे मुलांना थांबू देत नाहीत. पाते फिरत असताना त्याच्या रेषेत उभे राहू नये, झाकणे उघडी ठेवू नयेत, टेकूंवरचा भुसा हाताने काढू नये. टेकूवर चढवलेला ओंडका खुंट उभे केल्याशिवाय आणि मागे पाचर लावल्याशिवाय सोडू नये. अर्धा टन वजनाचा ओंडका घरंगळू लागला की दोन माणसे त्याला अडवू शकत नाहीत.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर लिहा : फळीवर निळसर-काळा डाग कशामुळे पडतो?

२. लाकडी पट्टी वरून खिळे ठोकून का बसवत नाहीत? दोन-तीन वाक्यांत लिहा.

३. टेकूंवर २० मिलिमीटरची पट्टी बसवली आहे. काटा सरकवलेला नाही. शेवटची फळी ३० मिलिमीटर जाडीची हवी आहे. मोजपट्टीवर कोणता आकडा दिसला पाहिजे?

४. पुढील शब्दांसाठी उर्दूत कोणते शब्द वापरतात ते लिहा : ओंडका, फळी, साल, भुसा, खिळा.

५. तुमच्या वस्तीतल्या सुताराला भेटा. तो आपल्या करवतीची धार कशी सांभाळतो, ते विचारून मराठीत आठ-दहा वाक्ये लिहा.